तणासाठी कोळपे: कोणते घ्यावे, कसे चालवावे, धार कशी लावावी

भातकापणी आटोपली, पाऊस मागे सरला आणि जमिनीवर चालताना पाय रुतेनासे झाले, की गोव्यात वायंगणाचे, म्हणजे पावसानंतरच्या पिकाचे, दिवस सुरू होतात. परसात आणि मोकळ्या झालेल्या शेतात वाफे घातले जातात, त्यांत तांबडी भाजी, मुळा, मिरची, वांगी, अळसांदे यांची लावणी होते, आणि भाजीचे पहिले पान धड दिसण्याआधीच वाफाभर तण उभे राहते. ते बेणायला माणसे वेळेवर मिळत नाहीत. फवारणीकडे वळावे, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या सर्रास वापरल्या जाणाऱ्या तणनाशकाचा वापर केवळ कीड-नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, त्यामुळे परसात ते स्वतः फवारण्याची मुभा राहिलेली नाही. मग लोक यंत्राकडे पाहतात आणि सकाळच्या वेळी वाड्यावाड्यांतून पेट्रोलवर चालणाऱ्या गवत-कापणी यंत्राचा आवाज घुमू लागतो.

बाटली आणि यंत्र यांच्याखेरीज तिसरा एक उपाय आहे, तो म्हणजे हाताने चालवायचे कोळपे. एक दांडा आणि एक पाते, एवढेच ते अवजार आहे. तरीही ते चुकीचे निवडले, चुकीच्या वेळी चालवले आणि बोथट ठेवले, तर त्याच्यासारखे कंबर मोडणारे दुसरे काम नाही, आणि ‘कोळप्याने काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा अनुभव याच तीन चुकांपैकी एखादीतून आलेला असतो.

खोरे आणि कोळपे यांत फरक काय?

गोव्यातल्या बहुतेक घरांत खोरे, पिकास आणि कोयता ही अवजारे असतातच. कोळपे हा शब्द मात्र आपल्याकडे घाटावरून आला असे म्हणायला हरकत नाही. घाटावर ज्वारी, कापूस, भुईमूग यांच्या ओळींमधून बैल जुंपून जे तण काढायचे अवजार फिरवतात, ते कोळपे. विदर्भात त्यालाच डवरा म्हणतात. त्याचे पाते जमिनीत खोल शिरत नाही. मातीच्या पृष्ठभागाखालून आडवे सरकत जाते आणि वाटेत येणारी तणांची मुळे कापते. लांब दांड्याला असेच आडवे, पातळ पाते बसवले की हातकोळपे तयार होते. या लेखात कोळपे म्हणजे हे हातकोळपेच समजावे.

खोऱ्याचे काम माती उचलण्याचे आहे. त्याचे पाते जाड आणि जड असते, कारण ते डोक्यावरून आणून जमिनीत रुतवायचे असते. कोळप्याला रुतायचे नसते, त्याला कापायचे असते. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून टोमॅटो चिरणाऱ्या कोणालाही हा फरक वेगळा सांगावा लागणार नाही. धार चांगली असेल, तर टोमॅटो नुसता सरकवला की दोन फोडी होतात, आणि धार गेलेली असेल, तर कितीही जोर लावला तरी तो चेंगरतो व रस हातावर येतो. तणाचे कोवळे देठ आणि मूळ पुष्कळसे टोमॅटोच्या सालीसारखेच वागते. बोथट पात्यापुढे ते वाकते, बाजूला होते आणि पाते पुढे गेले की पुन्हा उभे राहते.

तण नेमके मरते कुठे?

रोपाला नवा कोंब जिथून फुटतो ती जागा महत्त्वाची. गवतवर्गातल्या तणांत ती जमिनीलगत किंवा जमिनीच्या किंचित खाली असते, म्हणूनच वरून कापलेले गवत आठ दिवसांत पुन्हा वाढते. गवत-कापणी यंत्राची मर्यादा हीच आहे. यंत्र अंगण स्वच्छ दाखवते, पण तणाच्या दृष्टीने ती केवळ हजामत असते. कोळप्याचे पाते कोंबाच्या जागेखालून गेले, तर वरचा भाग मुळापासून तुटतो, आणि त्यानंतर ऊन मिळाले तर तो काही तासांत सुकतो.

दुसरी गोष्ट बियांची. कुठल्याही जुन्या बागेच्या मातीत तणांच्या बियांचा मोठा साठा दडलेला असतो, कारण वर्षानुवर्षे पडलेल्या बियांपैकी सगळ्या एकदम उगवत नाहीत. खोलवर गाडलेल्या कित्येक बारीक बिया नुसत्या झोपून असतात. पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असलेल्या बिया मात्र ओल, ऊब आणि उजेड मिळताच रुजतात, आणि पुष्कळ तणांच्या बाबतीत खणताना लागलेला क्षणभराचा उजेडही झोप मोडायला पुरतो. म्हणजे तण काढण्यासाठी जो माणूस दर पंधरवड्याला खोऱ्याने वाफा पालथा घालतो, तो आजचे तण काढतो आणि पुढच्या पंधरवड्याचे तण स्वतःच पेरतो. मी स्वतः हे कित्येक वर्षे इमाने इतबारे केले आहे आणि आपल्याच जमिनीत तण इतके कसे, म्हणून मातीला दोष दिला आहे.

यावरून कोळपणीची खोली ठरते. पाते दोन ते तीन सेंटिमीटरांपेक्षा खाली जाऊ नये. मिरची, वांगी, भाज्या यांची अन्न घेणारी बारीक मुळेही वरच्या थरातच पसरलेली असतात, तेव्हा खोल कोळपणी पिकाच्या मुळांवरही येते. उथळ कोळपण्याचा आणखी एक लाभ घाटावरच्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे ते म्हणतात. कोळपल्यावर वरचा पातळ थर भुसभुशीत होतो, मातीला पडलेल्या बारीक भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जाण्याची वाट अडते, असा त्याचा अर्थ आहे. वायंगणात विहिरीचे पाणी मोजून वापरावे लागते, तिथे या म्हणीचे मोल कळते.

मग गोव्यात कोळपे मागे का राहिले?

याचे मुख्य कारण पाऊस आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कोळपणीला लागतो वाफसा. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे, पण ती चिकटत नाही, हलक्या दाबाने मोकळी होते, अशी अवस्था. घाटावर दोन पावसांच्या मध्ये उघडीप मिळते आणि वाफसा येतो. आपल्याकडे जुलैत तो आठवडेच्या आठवडे येत नाही. चिखलात कोळपे चालवले, तर पात्याला गोळा चिकटतो, आणि कापलेले तण ओल्या मातीवर पडल्या पडल्या पुन्हा मूळ धरते. शेतांचे लहान तुकडे, बांध आणि उताराची जमीन ही कारणेही आहेतच, पण ती बैलाच्या कोळप्याला लागू पडतात. परसातल्या हातकोळप्याला तुकडा लहान असल्याने काहीच बिघडत नाही.

म्हणून गोव्यात कोळप्याचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या अखेरपर्यंतचा समजावा. वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. वाफ्यातली मूठभर माती घेऊन दाबावी आणि झालेला गोळा कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकावा. तो फुटून विखुरला, तर वाफसा आहे. तो चपटा होऊन तसाच राहिला, तर एक-दोन दिवस थांबावे. गोळाच होत नसेल, तर माती कोरडी पडली आहे. तीत तण मरेल, पण पाते ओढताना हात दुखतील. किनाऱ्याकडच्या रेताड जमिनीत पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीच कोळपता येते. भाताच्या खाचरातली चिकणमाती फार हट्टी असते. आज ती चिखल असते, परवा वीट होते आणि मधला एक दिवस तेवढा आपला असतो.

कोळपे घेताना काय पाहावे?

हातकोळप्याचे तीन प्रकार माहीत असले की पुरे. पहिला ओढायचा. त्याचे पाते दांड्याच्या दिशेने आत वळलेले असते आणि ते पुढे टेकवून आपल्याकडे ओढायचे असते. दुसरा ढकलायचा. त्याचे पाते दांड्याच्या पुढे जवळजवळ सपाट असते आणि ते जमिनीलगत पुढे सारायचे असते. तिसरा रिकिबीचा. घोड्याच्या रिकिबीसारखी लोखंडी चौकट असते, तिच्या तळाच्या पट्टीला दोन्ही कडांनी धार असते आणि ती बिजागरीवर किंचित मागेपुढे हलते, त्यामुळे ढकलताना आणि ओढताना दोन्ही वेळा कापते. चाकावर बसवलेले सायकल कोळपेही मिळते, परंतु ते लांब, सरळ ओळींसाठी आहे आणि परसातल्या चार वाफ्यांत ते वळवण्यातच वेळ जातो.

एकच घ्यायचे असेल, तर मी ओढायचे घ्यावे असे म्हणेन. ते गावच्या लोहाराला करता येते, त्याला धार लावणे सर्वांत सोपे आहे, आणि झाडाच्या बुंध्याशी नेमके थांबवता येते. रिकिबीचे कोळपे रेताड, मोकळ्या जमिनीत फार वेगाने चालते, पण जांभ्याची खडी असलेल्या मातीत त्याच्या चौकटीत खडे अडकतात आणि बिजागरी लवकर ढिली होते.

पात्याची रुंदी दहा ते पंधरा सेंटिमीटर असावी. रुंद पाते घेतले की काम लवकर उरकेल असे वाटते, पण पाते जितके रुंद तितका ओढण्याचा जोर वाढतो, आणि भाजीच्या ओळीत ते मावतही नाही. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास पुरे. दुकानात हातात घेतल्यावर जे कोळपे ‘भक्कम’ वाटते ते बहुधा खोऱ्याचेच भावंड असते. ते परत ठेवावे. पात्यावर नखाने टिचकी मारून पाहावी. चांगले पोलाद घणघणते, मऊ पत्रा थप्प असा आवाज करतो. मऊ पत्र्याला धार लागते, पण टिकत नाही.

पाते आणि दांडा यांमधला कोन दुर्लक्षिला जातो, आणि खरेदीतली चूक बहुतेकदा तिथेच होते. आपण सरळ उभे राहून दांडा नेहमीसारखा धरला, तर पाते जमिनीला जवळजवळ समांतर टेकले पाहिजे, धारेची कड किंचित खाली एवढाच फरक. पाते काटकोनात उभे राहत असेल, तर ते कापणार नाही, माती खरवडेल. दुकानातच, सिमेंटच्या जमिनीवर टेकवून हे पाहता येते. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

दांडा जमिनीवर उभा धरल्यावर हनुवटीच्या वर यावा. आखूड दांड्यामुळेच माणूस वाकतो, आणि कोळपणीने कंबर दुखते हा समज या आखूड दांड्यांनी पसरवला आहे. बांबूचा दांडा हलका आणि चांगला. त्याची पेरे घासून गुळगुळीत करावीत. लाकडी असेल तर त्याचे रेषे दांड्याच्या लांबीने सरळ गेलेले असावेत, तिरपे गेलेले असतील तर दांडा तिथेच तुटतो.

बाजारात मनासारखे मिळाले नाही, तर लोहाराकडून करून घेता येते. गाडीच्या कमानीच्या जुन्या पट्टीपासून किंवा वखारीतल्या जुन्या करवतीच्या पात्यापासून केलेले कोळपे पुष्कळदा विकतच्यापेक्षा सरस ठरते, कारण दोन्हींचे पोलाद मुळातच कडक असते. लोहाराला ‘खोरे नको, माती उचलायची नाही, गवत जमिनीलगत कापायचे आहे’ एवढे स्पष्ट सांगावे आणि जाडी दाखवावी. नाहीतर तो सवयीने जड करून देतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

दांडा बसवण्याबद्दल एक गोष्ट गोव्याच्या हवेमुळे वेगळी सांगावी लागते. लाकूड पावसाळ्यात ओल शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुलैत नेढ्यात, म्हणजे पात्याच्या ज्या भोकात दांडा जातो त्यात, घट्ट ठोकून बसवलेला दांडा फेब्रुवारीत खुळखुळू लागतो. दांडा कोरड्या दिवसांत, फेब्रुवारी ते मेमध्ये बसवावा आणि पाचर मारावी. ढिले झालेले डोके रात्रभर पाण्यात ठेवले की घट्ट होते हे खरे, पण ती सोय दोन दिवसांची असते.

आधी ओळी, मग कोळपे

तांबडी भाजी आपण फोकून पेरतो. बी मुठीत घेऊन वाफ्यावर उधळले जाते आणि रोपे जिथे पडतील तिथे उगवतात. अशा वाफ्यात जगातले कुठलेही कोळपे चालणार नाही, तिथे बसून हातानेच तण उपटावे लागते. कोळपे वापरायचे ठरवले, तर पेरणीही ओळीत करावी लागते. दोन ओळींतले अंतर पात्याची रुंदी आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटे, असे धरावे. बारा सेंटिमीटरच्या पात्यासाठी पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर अंतर येते. सुतळी ताणून ओळ आखायला दहा मिनिटे लागतात. तेवढ्याने रोपे कमी मावतात अशी तक्रार होईल. ओळीत रोपे दाट ठेवून ती भरून काढता येते.

पेरण्याआधी आणखी एक युक्ती करावी. वाफा तयार करून त्याला पाणी द्यावे आणि काहीच न पेरता आठ-दहा दिवस थांबावे. वरच्या थरातले तण एकजात उगवून येईल. वाफसा पाहून त्यावरून उथळ कोळपे फिरवावे, एक दिवस ऊन खाऊ द्यावे आणि माती न खणता पेरणी करावी. वरच्या बियांचा साठा असा आधीच खर्ची पडलेला असल्याने पुढे उगवणारे तण स्पष्टपणे कमी असते. दहा दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात, पण ते पुढच्या महिन्यात वसूल होतात, आणि तोच महिना महत्त्वाचा असतो. बहुतेक भाज्यांना पहिला महिना-सव्वा महिना तणाशी झगडावे लागले, तर उत्पन्न घटते. पुढे पिकाची सावली जमिनीवर पडू लागली की तण आपोआप दबते.

चालवण्याची रीत

अंगण झाडणारी बाई लांब दांड्याचा खराटा कसा धरते ते आठवावे. ती ताठ उभी असते, दोन्ही हातांचे अंगठे वर असतात आणि खराटा जमिनीवर आपटत नाही, सरकतो. ओढायचे कोळपे असेच धरायचे. पाते हात-सव्वा हात पुढे टेकवावे आणि एकसारखे आपल्याकडे ओढावे. कोळपे खांद्यावर उचलून हाणायचे नाही. तसे करावेसे वाटले तर दोनच कारणे असतात, एकतर धार गेलेली आहे किंवा तण फार मोठे झालेले आहे. ढकलायच्या कोळप्याने मागे मागे चालत काम करावे, म्हणजे कापलेल्या तणावर आपला पाय पडत नाही. ओढायच्या कोळप्याने काम करताना वाफ्याबाहेर, सरीत उभे राहून शेजारचा वाफा करावा. पायाखाली दबलेले तण ओल्या मातीत पुन्हा जगते, एवढ्यासाठीच ही काळजी.

वेळ सकाळची, दव उडाल्यानंतरची निवडावी, म्हणजे पुढचे सहा-सात तास कापलेल्या तणाला ऊन लागते. त्या संध्याकाळी वाफ्याला पाणी देऊ नये. हा नियम मोडण्याचा मोह फार होतो, कारण संध्याकाळी पाणी घालणे ही वायंगणातली सवयच असते, पण अर्धमेल्या तणाला पाणी पाजले की सकाळचे कष्ट वाया जातात.

तण केवढे झाल्यावर कोळपावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना पटत नाही. तण डोळ्यांना जेमतेम दिसू लागते, दोन पाने आणि दोऱ्यासारखे पांढरे मूळ एवढेच असते, तेव्हा कोळपावे. त्या वेळी कापण्याचीही गरज नसते. माती हलली की ते उन्हाने मरते. वाफा स्वच्छ दिसत असताना कोळपे घेऊन जाणे विचित्र वाटते खरे. पण आठवड्याला दहा मिनिटे असे फिरवणारा माणूस महिन्याला एकदा दिवसभर राबणाऱ्यापेक्षा कमी दमतो आणि त्याचा वाफा अधिक स्वच्छ राहतो.

धार

विकत आणलेले कोळपे बहुधा धारेविनाच येते. कडेला रंग लावलेला असतो आणि कड एखाद्या पट्टीइतकी जाड असते. ते तसेच वापरायला घेणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे.

लागणारे सामान थोडे आहे: आठ किंवा दहा इंचांची, एकेरी दातांची चपटी कानस, तिला लाकडी मूठ, तारेचा ब्रश, आणि पाते घट्ट धरण्यासाठी बाकावरची पकड. पकड नसेल तर दांडा पायरीवर आडवा ठेवून, त्यावर गुडघा देऊन, पाते पायरीच्या कडेबाहेर काढले तरी चालते. दुसऱ्या कोणी दांडा धरला तर उत्तम.

आधी पात्याची माती आणि गंज ब्रशने काढावा. मग धार कुठल्या बाजूने घातली आहे ते पाहावे. सुताराच्या पटाशीप्रमाणे कोळप्याला एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट ठेवतात. मूळ उतार ज्या बाजूला आहे तीच बाजू कायम ठेवावी. नवे, बिनधारेचे पाते असेल, तर मातीवर घासत जाणारी खालची बाजू सपाट सोडून वरच्या बाजूने उतार काढावा. त्यामुळे पाते जमिनीलगत सपाट सरकते.

उताराचा कोन साधारण तीस अंशांचा हवा. कोनमापक शोधण्याची गरज नाही. कागदाचा कोपरा नव्वद अंशांचा असतो. त्याच्या तीन समान घड्या घातल्या की तीस अंशांची चोच तयार होते, ती पात्याशेजारी धरून कानशीचा कल जुळवावा. जमिनीत जांभ्याची खडी असेल, तर कोन वाढवून चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत न्यावा. बारीक कोनाची धार तीक्ष्ण असते, पण खड्यावर आपटली की तिचे तुकडे उडतात. जाड कोनाची धार थोडी मंद, पण टिकाऊ. रेताड मातीत बारीक, खडकाळ मातीत जाड, एवढे लक्षात ठेवावे.

कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती उचलून आणावी, घासत आणली तर तिचेच दात झिजतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब, तिरका, एकसारखा हात फिरवावा. कडेवर आधी काळ्या मार्करने रेघ ओढली, तर कानस कुठे लागते आणि कुठे सुटते ते लगेच दिसते. दातांत लोखंडाचा चुरा अडकू नये म्हणून कानशीवर खडू घासून घ्यावा, आणि अडकलाच तर ब्रशने काढावा. उताराच्या विरुद्धच्या, सपाट बाजूवर बोट हलकेच धारेकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेने, सरकवले असता पूर्ण लांबीभर खरखरीत कड उठलेली लागली, की धार कडेपर्यंत पोहोचली असे समजावे. ही कड काढण्यासाठी पाते उलटून सपाट बाजूवर कानस अगदी आडवी ठेवून एक-दोन हलके हात द्यावेत. तिथे कोन देऊ नये.

वस्तऱ्यासारखी धार कोळप्याला नको, ती मातीत पहिल्या पाच मिनिटांत जाते. अंगठ्याच्या नखावर पाते हलकेच टेकवले असता ते घसरले नाही, रुतल्यासारखे अडले, म्हणजे पुरे. त्यानंतर काम करताना अर्ध्या-पाऊण तासाने कानशीचे चार-पाच हात द्यावेत. कानस सोबत न्यायची सवय लागली की मोठी धार लावण्याची वेळ हंगामात एक-दोनदाच येते.

हे सगळे करण्यापेक्षा विजेच्या ग्राइंडरवर दोन मिनिटांत धार होणार नाही का, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. ठिणग्या उडत होत्या, धार चकचकत होती, आणि कडेला निळसर पट्टा उमटला तो मी शोभेचा समजलो. पोलाद साधारण तीनशे अंश सेल्सियसपर्यंत तापले की असा निळा रंग येतो, आणि कोळप्याच्या पात्याच्या बाबतीत त्याचा अर्थ लोहाराने दिलेले पाणी उतरले असा होतो. पाणी देणे म्हणजे लाल तापवलेले पोलाद झटकन गार करून कडक करणे. ते उतरले की कड मऊ पडते. त्या पात्याची धार पुढे प्रत्येक वेळी तासाभरात गळू लागली, आणि निळा भाग पुरता घासून काढेपर्यंत ते ताळ्यावर आले नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल, तर डोळ्यांना चष्मा लावावा, चाकाला पाते क्षणभरच टेकवावे, बादलीत बुडवावे आणि पुन्हा टेकवावे. पाते हाताला चटका देण्याइतके तापता कामा नये.

‘पण लव्हाळा मरत नाही’

हा आक्षेप रास्त आहे. लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेली, आणि वरचा कोंब कापला की खालची गाठ दुसरा पाठवते. एका कोळपणीने लव्हाळा जातो असे सांगणारा माणूस एकतर खोटे बोलतो किंवा त्याने लव्हाळा पाहिलेला नाही. मात्र दर दहा-बारा दिवसांनी, पान पुरते वाढून गाठीत पुन्हा साठा भरण्याआधी, तो कापत राहिले तर गाठी क्षीण होत जातात. याला एक हंगाम पुरत नाही. फारच माजला असेल, तर एप्रिल-मेमध्ये रिकामा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने बंद करून चार ते सहा आठवडे ठेवावे. खालची माती तापून तणांच्या बऱ्याचशा बिया मरतात आणि लव्हाळ्याचाही जोर कमी होतो.

हरळीच्या बाबतीत कोळपे उलट नुकसान करते. तिच्या आडव्या धावणाऱ्या खोडाचा प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. ती पिकासने सैल करून, हाताने पूर्ण ओढून काढावी. केना हेही असेच एक तण. त्याचे खोड पेरापाशी पुन्हा मुळे धरते, म्हणून कापल्यावर ते उचलून वाफ्याबाहेर टाकावे. घोळ मांसल असते, कापल्यावरही काही दिवस जगते आणि तेवढ्यात बी टाकते. तिची भाजी करावी हे बरे.

‘तणनाशक एकदा मारले की मोकळे’

ग्लायफोसेटबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ते माणसात बहुधा कर्करोग घडवू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तसा धोका संभवत नाही असा निष्कर्ष काढला. पण परसातल्या भाजीपुरता हा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारणच नाही. ग्लायफोसेट हिरव्या पानांत भेद करत नाही. मिरचीच्या दोन रोपांमधले तण त्याने मारायला गेले, तर वाऱ्याच्या एका झुळकेने मिरचीही जाते. कोळपे जिथे चार बोटांच्या अंतरावरून जाते, तिथे फवारणी बसत नाही, मग ती कोणी का करेना.

पावसाळ्यात काय करावे?

जूनपासून कोळपे विसावते. त्या दिवसांत तण हाताने उपटावे, कारण ओल्या मातीतून ते मुळासकट सहज येते, आणि झाडांच्या बुंध्यांभोवती वाळलेली पाने, माडाची चुडते किंवा भाताचा पेंढा यांचे आच्छादन करावे. उजेड अडला की बिया रुजणे कमी होते. कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, हे काम पोफळीची झावळे वर्षानुवर्षे करतच आहेत.

कोळपे मात्र तसेच पडवीत टेकवून ठेवू नये. आपल्या दमट, खारट हवेत धारेवर आठ दिवसांत गंज धरतो. पाते धुऊन, पुरते वाळवून त्यावर तेलाचा बोळा फिरवावा. खोबरेल चालते, गाडीचे जळके तेल वापरू नये, ते पुढे भाजीच्या मातीतच जाते. दांड्याला जवसाचे तेल चोळले तर ते लाकडात मुरून वाळते आणि ओल कमी शोषली जाते. मग पाते वर आणि धार भिंतीकडे करून खुंटीला अडकवावे. जमिनीवर धार वर करून टाकलेल्या कोळप्यावर पाय पडला, तर पाय तर कापतोच, शिवाय दांडा कपाळावर येतो.

पहिल्या पावसाबरोबर परसात उगवणारा टाकळा हे एरवी तणच, पण त्याच्यावर कुठलेच अवजार चालवायचे नसते. आषाढात त्याची कोवळी पाने खुडून, ओले खोबरे आणि फणसाच्या आठळ्या घालून भाजी करतात. पाने जून झाली की उरलेली रोपे फुलोऱ्याच्या सुमारास, शेंगा धरण्याआधीच, उपटून आच्छादनात घालावीत, म्हणजे ऑक्टोबरच्या वाफ्यात त्यांचे बी पडत नाही.